चार्जर हुशार आहे, पण खान्देशातले ऊन त्याला सांगावे लागते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की आमच्या भागात बॅटरीच्या दुकानांपुढे पोट फुगलेल्या बॅटऱ्यांची रांग लागते. इन्व्हर्टरच्या, ट्रॅक्टरच्या, जनरेटरच्या, फवारणी पंपाच्या. 'चार्जर तर ऑटोमॅटिक होता, हिरवा दिवाही लागला होता, मग बॅटरी बसली कशी?' असे गिऱ्हाईक विचारते. प्रश्न रास्त आहे. दोन, तीन किंवा चार बॅटऱ्या एकाच वेळी, पण प्रत्येकीला वेगळी वागणूक देऊन भरणारे मल्टी-बँक स्मार्ट चार्जर आता आपल्याकडेही घेतले जात आहेत. ही वस्तू चांगली आहे आणि ज्याच्याकडे दोनपेक्षा जास्त बॅटऱ्या आहेत त्याने ती घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र हा चार्जर कशावर लक्ष ठेवतो आणि कोणती गोष्ट त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही, हे घेणाऱ्याला कोणी समजावून सांगत नाही. म्हणून हे पत्र.

'बँक' म्हणजे चार्जरमधून निघालेली तांबड्या-काळ्या वायरींची एक जोडी. हे चार्जर बोटींवर फार वापरले जातात. बोटीवर इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आणि बाकी उपकरणांची वेगळी असते. एक रोज थोडीच वापरली जाते, दुसरी रिकामी होईपर्यंत. दोघींना एकाच चार्जरला समांतर जोडले तर चार्जरला दोन बॅटऱ्या दिसतच नाहीत, एकच मोठी बॅटरी दिसते. करंट आपापल्या वाटेने जातो, भरलेली बॅटरी उकळत राहते आणि एखादा सेल (आतला कप्पा) गेलेली बॅटरी दुसरीलाही खाली ओढते. खान्देशात बोटी थोड्या, पण हीच गरज घरोघरी आहे. खळ्यातला ट्रॅक्टर आणि जनरेटर, रुग्णवाहिकेची इंजिनाची बॅटरी आणि आतल्या उपकरणांची बॅटरी, जिनिंगमधल्या डिझेल फायर पंपाचे दोन बॅटरी संच. फायर पंपाची बॅटरी वर्षात एकदाच लागेल, पण त्या दिवशी ती लागलीच पाहिजे.

खरा स्मार्ट चार्जर जोडल्याबरोबर करंट सोडत नाही. आधी तो प्रत्येक बँकेवर व्होल्टेज पाहतो. तांबडी-काळी उलट जोडली असेल तर ती बँक बंद ठेवून लाल दिवा लावतो, बाकीच्या बँका चालू राहतात. चिमटे एकमेकांना लागले तरी ठिणगी पडत नाही, कारण समोर बॅटरी दिसल्याशिवाय वायरीत वीजच येत नाही. बॅटरी फार उतरलेली, म्हणजे १०.५ व्होल्टच्याही खाली असेल, तर सुरुवातीला अगदी थोडा करंट देऊन ती वर येते का हे तो बघतो. तासन् तास देऊनही व्होल्टेज ११ च्या आतच घुटमळत असेल, तर एखादा सेल शॉर्ट आहे असे धरून तो थांबतो. जुना ट्रान्सफॉर्मर चार्जर इथे थांबत नाही. तो त्या मेलेल्या सेलमध्ये रात्रभर वीज ओततो आणि सकाळी बॅटरी हाताला चटका देते.

त्यानंतर मुख्य भरणे सुरू होते. पहिल्या टप्प्यात करंट ठरलेला, १०० एएचच्या (एएच म्हणजे अॅम्पिअर-तास, बॅटरीची साठवण) बॅटरीला साधारण १० अॅम्पिअर. व्होल्टेज चढत चढत १४.४ च्या आसपास आले की दुसरा टप्पा. आता चार्जर व्होल्टेज तिथेच धरतो आणि बॅटरी स्वतःहून करंट कमी कमी घेत जाते. करंट एएचच्या एक-दोन टक्क्यांवर, म्हणजे या बॅटरीला १ ते २ अॅम्पिअरवर उतरला की ती खऱ्या अर्थाने भरली. मग तिसरा टप्पा, १३.५ ते १३.८ चा फ्लोट, जो फक्त आपोआप होणारी गळती भरून काढतो. अर्धी उतरलेली १०० एएचची बॅटरी पहिल्या टप्प्यात तीन-साडेतीन तासांत ८० टक्क्यांवर येते, पण उरलेल्या २० टक्क्यांना आणखी तीन-चार तास लागतात. लोक नेमके इथेच चिमटे काढतात. गाडी सुरू झाली म्हणजे भरली, असा समज. महिनोन् महिने असे अर्धवट भरणे चालले की प्लेटवर सल्फेट धरते, जड अॅसिड तळाशी बसते आणि वर पातळ पाणी राहते. उन्हाने मरणाऱ्या बॅटऱ्या फुगलेल्या दिसतात म्हणून डोळ्यात भरतात. अर्धपोटी राहून मेलेली बॅटरी बाहेरून छान दिसते, म्हणून तिचा दोष कंपनीवर जातो.

भरून झाल्यावर चांगला चार्जर आणखी एक काम करतो. करंट तोडून तो काही मिनिटे व्होल्टेजच्या घसरणीकडे पाहतो. धडधाकट बॅटरी हळूहळू १२.६-१२.७ कडे येऊन थांबते. सेल खराब असेल तर व्होल्टेज भराभर १२ च्या खाली उतरते आणि चार्जर बॅटरी खराब असल्याची खूण देतो. ही खूण दिसली की पुन्हा पुन्हा बटण दाबून चार्जरला गप्प करू नका.

आता आपल्या भागाचा मुद्दा. १४.४ आणि १३.६ हे आकडे २५ अंश तापमानासाठीचे आहेत. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमधली बॅटरी त्याहून गरम असते. बॅटरी जेवढी गरम तेवढ्या कमी व्होल्टेजवर ती उकळू लागते. शिसे-अॅसिड बॅटरीसाठी सर्वसाधारण हिशेब असा: २५ च्या वर प्रत्येक अंशाला, प्रत्येक सेलमागे ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी करायचे. मधला ४ चा आकडा धरला तर १२ व्होल्टच्या बॅटरीतल्या सहा सेलांचे २४ मिलिव्होल्ट. ४५ अंशांना, म्हणजे २० अंश जास्तीला, जवळजवळ अर्धा व्होल्ट. १४.४ ऐवजी १३.९ आणि फ्लोट १३.६ ऐवजी १३.१. याचा अर्थ असा की मे महिन्यात ज्या चार्जरचा फ्लोट १३.६ वर अडकलेला आहे, तो फ्लोट देत नसून जवळपास पूर्ण चार्जिंगच देत आहे, तेही चोवीस तास. प्लेटची जाळी झिजते, पाणी उडते आणि सीलबंद बॅटरी असेल तर त्याहून वाईट: गरम बॅटरी जास्त करंट ओढते, जास्त करंटने आणखी गरम होते आणि शेवटी कडा फुगवून बसते. उलट धुळ्याला थंडीत पारा १० च्या खाली येतो तेव्हा त्याच बॅटरीला १४.७ च्या पुढे द्यावे लागते, नाहीतर ती कधीच पूर्ण भरत नाही.

हुशार चार्जर हा हिशेब स्वतः करतो, पण त्याला तापमान कळले तर. म्हणून चार्जर घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा की तापमानाचा सेन्सर कुठे आहे. कित्येक चार्जरमध्ये तो चार्जरच्या डब्यातच असतो. चार्जर घरात पंख्याखाली आणि बॅटरी गच्चीच्या जिन्यातल्या पेटीत, असे असेल तर तो सेन्सर चार्जरला खोटेच सांगणार. आपल्याला हवा तो वायरीच्या टोकाला लग (भोक असलेली धातूची पट्टी) असलेला, बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बसणारा सेन्सर. चार बँका असतील आणि चारही बॅटऱ्या एकाच पेटीत असतील, तर एक सेन्सर पुरतो आणि तो मधल्या बॅटरीला लावायचा, कारण मधली सर्वांत गरम असते. बॅटऱ्या वेगवेगळ्या जागी असतील तर प्रत्येक बँकेला आपला सेन्सर हवा. सेन्सर नसलेला चार्जर आधीच घेऊन ठेवला असेल, तर मार्च ते जून त्याला दिवसा लावू नका. रात्री उशिरा लावा, पहाटे भरल्याचा दिवा लागला की काढा आणि फ्लोटवर महिनाभर सोडून देऊ नका.

दुसरी गोष्ट लाइटची. वीज गेली आणि परत आली की बहुतेक चार्जर पाटी कोरी करून पहिल्या टप्प्यापासून सुरू करतात. जो चार्जर करंट किती उतरला हे पाहून दुसरा टप्पा संपवतो, त्याचे काही बिघडत नाही. भरलेली बॅटरी त्याला दहा मिनिटांत ओळखू येते. पण स्वस्त चार्जर घड्याळावर चालतात. दुसरा टप्पा चार तास म्हणजे चार तास. दिवसातून चार वेळा लाइट गेली तर भरलेल्या बॅटरीला चार वेळा १४.४ चा मारा बसतो. एक अॅम्पिअर-तास जास्तीचा करंट प्रत्येक सेलमधले सुमारे एक तृतीयांश ग्रॅम पाणी उडवतो. थेंबभर वाटते, पण रोजचे साठत जाते. शेतातल्या शेडमध्ये जिथे वीज रोटेशनने आणि तुकड्यातुकड्याने येते, तिथे घड्याळावर चालणारा चार्जर घेऊ नये. ओळखायचा कसा? भरलेली बॅटरी लावा, टर्मिनलवर मल्टिमीटर धरा. व्होल्टेज १४ च्या वर चढून अर्ध्या तासात १३.६ च्या आसपास खाली आले तर तो करंट पाहतो. दोन तासांनंतरही १४.४ वरच असेल तर तो घड्याळ पाहतो.

तिसरी गोष्ट सिरीजमधल्या बॅटऱ्यांची, म्हणजे ई-रिक्षा आणि मोठ्या इन्व्हर्टरची. बारा-बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडून ४८ व्होल्ट केलेले असतात आणि एकच चार्जर त्यांना ५७.६ व्होल्ट देतो. एकूण सेल २४. त्यातला एक शॉर्ट झाला तर तेच ५७.६ उरलेल्या २३ सेलांत वाटले जातात. प्रत्येक सेलला २.५ व्होल्ट, म्हणजे ज्या तीन बॅटऱ्या चांगल्या आहेत त्यांना १५ व्होल्ट. चार्जरच्या काचेवर मात्र ५७.६ च दिसते, सगळे आलबेल. महिन्या-दोन महिन्यांत चारही बॅटऱ्या जातात आणि चौघींना बदलण्याचा खर्च येतो. चार बँकांच्या चार्जरने प्रत्येक बॅटरी वेगळी भरली तर आजारी बॅटरी पहिल्याच आठवड्यात वेगळी पडते आणि बाकी तीन वाचतात.

पण इथे एक मोठा धोका आहे, तो प्रत्येक कारागिराने लक्षात ठेवावा. सगळ्या मल्टी-बँक चार्जरच्या बँका आतून एकमेकींपासून तोडलेल्या नसतात. काहींची काळी वायर आतून एकच असते. असा चार्जर सुट्या बॅटऱ्यांना चालतो, सिरीजला लावला तर पहिली बॅटरी थेट शॉर्ट होते. नशीब चांगले असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर वायर वितळते. तपासायला एक मिनिट लागते. चार्जरचा प्लग काढा, सगळे चिमटे मोकळे करा, मल्टिमीटर बझरवर ठेवा आणि एका बँकेची काळी वायर आणि दुसऱ्या बँकेची काळी वायर यांवर टोके लावा. बझर वाजला तर तो चार्जर सिरीजच्या कामाचा नाही. दुकानातच, पैसे देण्याआधी हे करून पाहावे. याच धर्तीवर 'एकूण २० अॅम्पिअर' या लिखाणाचा अर्थही विचारून घ्या. काही चार्जर प्रत्येक बँकेला १० देतात, काही एका बँकेवरून दुसरीवर पाळीपाळीने जातात, काहींच्या आत नुसते डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) असतात आणि ते ०.६-०.७ व्होल्ट खातात. डायोडवाल्याला आम्ही मल्टी-बँक म्हणत नाही.

चार्जर बॅटरीकडे दोन टर्मिनलांतूनच बघतो, हेही विसरू नये. सेल त्याला दिसत नाहीत. ट्रॅक्टरची एक बॅटरी समोर घ्या. मल्टिमीटर १२.४ दाखवतो, जरा उतरलेली आहे एवढेच वाटते. सहाही टोप्या काढून, अॅसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा रबरी फुगा दाबून एकेका सेलमधले अॅसिड ओढा. पाच सेलांत हायड्रोमीटरचा तरंगता काटा १.२४० वर डुलतो, तिसऱ्यात मात्र काचेत खोल बुडून १.१५० वर थांबतो. बेरीज तीच १२.४, पण दुखणे एका सेलचे आहे. सेलासेलात ०.०३० पर्यंतचा फरक चालतो, ०.०५० च्या पुढे गेला की त्या सेलची आशा थोडी. फरक मधला असेल आणि बॅटरी पाणी घालायची असेल, तर चार्जरमधल्या इक्वलायझिंगच्या सोयीने १५ ते १५.५ व्होल्टवर दोन-तीन तास जास्तीचे चार्जिंग देऊन तळाशी बसलेले अॅसिड ढवळले जाते. तेवढा वेळ माणूस जवळ हवा, टोप्या सैल हव्यात आणि बॅटरी हाताला सोसवेल इतकीच गरम. सीलबंद, जेल आणि लिथियम बॅटरीला हे बटण कधीही दाबू नये. बॅटऱ्या 'जिवंत' करणाऱ्या पल्सच्या जाहिरातींबद्दलही स्पष्ट सांगतो: ताजे, मऊ सल्फेट थोडे सुटते, वर्षभर रिकामी पडून दगड झालेले सल्फेट किंवा प्लेटवरून गळून तळाशी साचलेला माल कोणताही चार्जर परत चढवू शकत नाही.

पाणी डिस्टिल्डच घालावे. आरओचे पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे, बोअरचे तर नाहीच. त्यातले लोह आणि क्लोराइड प्लेट खातात. चार्जिंगच्या आधी प्लेटा बुडतील एवढेच घाला, खुणेपर्यंत भरायचे ते चार्जिंग झाल्यावर. आधी काठोकाठ भरले की अॅसिड फुगून टोपीतून बाहेर येते, टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा धरतो आणि त्या भुग्यातून चार्जरला चुकीचे व्होल्टेज दिसते.

वायरीचा हिशेब फारसा कोणी करत नाही. चार्जरपासून बॅटरी ३ मीटर दूर, वायर २.५ चौरस मिलिमीटरची, करंट १०. जाऊन-येऊन ६ मीटर तांब्यात ०.४ व्होल्ट पडतो. चार्जरला वाटते १४.४ आले, बॅटरीवर १४.० च असतात. मग तो दुसऱ्या टप्प्यात लवकर शिरतो आणि भरायला विनाकारण तास वाढतात. तेवढ्याच अंतराला ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर घट ०.१७ वर येते. प्रत्येक बँकेच्या तांबड्या वायरीत, बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. चार्जरच्या टोकाला लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही, कारण शॉर्ट झाल्यावर वीज बॅटरीकडून येते. आणि चार्जर बॅटरीच्या बरोबर वर टांगू नका. अॅसिडची वाफ सहा महिन्यांत त्याची सर्किट खाते.

हवा खेळती ठेवा. भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीत १० अॅम्पिअर तासभर जात राहिले तर सुमारे २७ लिटर हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला की एका ठिणगीची वाट पाहत असतो. बंद कपाटात, देवघरातल्या समईच्या भिंतीपलीकडे, गॅसच्या शेजारी इन्व्हर्टरची बॅटरी ठेवलेली आम्ही घरोघरी पाहतो. कृपया ती हलवा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आधी मेन स्विच बंद करा. चिमट्यांना हात लावायचा तो नंतर.

फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ एएचची छोटी बॅटरी वेगळी सांगायला हवी, कारण कपाशी-केळीच्या पट्ट्यात ती सर्वांत जास्त मरते. मोठ्या चार्जरची १० अॅम्पिअरची बँक मोकळी आहे म्हणून तिला लावली जाते आणि तासाभरात ती डब्यासारखी फुगते. तिला १ ते दीड अॅम्पिअर पुरे. ज्या चार्जरची बँक २ अॅम्पिअरवर किंवा त्याहून खाली आणता येते तोच वापरा. फवारणी संपल्यावर पंप तसाच कोपऱ्यात न ठेवता बॅटरी पूर्ण भरून, वायर सोडवून, घरात थंड जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा १२.५ च्या खाली गेली का ते पाहा. उन्हाळ्यात दर १० अंशांना आपोआप होणारी गळती दुप्पट होते, म्हणून मृगापर्यंत न पाहिलेली बॅटरी मृगाला उठत नाही.

लिथियमबद्दल थोडक्यात. चार सेलांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला १४.४ ते १४.६ व्होल्ट लागतात आणि फ्लोटची गरज नसते. फार उतरली की तिच्या आतला बीएमएस (सेलांची राखण करणारे सर्किट) स्वतःला बंद करतो आणि टर्मिनलवर शून्य दिसते. साधा स्मार्ट चार्जर तिला बॅटरीच मानत नाही. लिथियमची वेगळी सेटिंग आणि बीएमएसला जागे करण्याची सोय असलेलाच चार्जर घ्या. एका बँकेवर लिथियम आणि दुसरीवर शिसे-अॅसिड चालते, पण प्रत्येक बँकेची सेटिंग स्वतंत्र करता येत असेल तरच.

आपल्या वृत्तपत्रामार्फत आमच्या दोन विनंत्या आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या बॅटरी विक्रेत्यांनी प्रत्येक बॅटरीवर चार आकड्यांची चिठ्ठी चिकटवावी: भरण्याचे व्होल्टेज, फ्लोटचे व्होल्टेज, जास्तीत जास्त करंट आणि दर अंशाला किती मिलिव्होल्ट कमी करायचे. हे आकडे उत्पादकाच्या माहितीपत्रकात असतात, गिऱ्हाइकापर्यंत ते पोचत नाहीत. आणि जिथे सार्वजनिक बॅटऱ्या आहेत, म्हणजे ग्रामीण रुग्णालये, रुग्णवाहिका, ग्रामपंचायतींचे इन्व्हर्टर, तिथे मार्च सुरू होण्याआधी कुणी तरी जबाबदार माणसाने टर्मिनलवर मल्टिमीटर लावून फ्लोट मोजावा आणि तारखेसह भिंतीवर लिहावा. ४० अंशांच्या खोलीत तो १३.५ च्या वर दिसला तर त्याच दिवशी सेटिंग बदलावी. बदलता येत नसेल तर चार्जरला टायमर लावून तो रात्रीच्या काही तासांपुरता चालवावा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊन अॅसिड गटारीत ओतू देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, नवी घेताना ती दुकानातच जमा करावी.

आपले,
ऑटो-इलेक्ट्रिक व बॅटरीचे काम करणारे काही कारागीर,
यावल-रावेर परिसर, जि. जळगाव